समुद्रात भराव टाकून केलेल्या जमिनीवर फ्लॅट घेताय? ‘व्ह्यू’ बघण्याआधी हे तीन प्रश्न विचारा

“हॉलमधून थेट समुद्र दिसतो.”

मुंबईत घर शोधणाऱ्याला एजंटने हे वाक्य ऐकवलं की समजायचं, आता भाव ऐकायला घट्ट बसून राहावं लागणार. समुद्र दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या फ्लॅटच्या किमतीत मोठा फरक असतो, आणि लोक तो मोजतातही. पण दक्षिण मुंबईतल्या अशा बऱ्याच इमारतींबद्दल एक गोष्ट जाहिरातीत नसते. ज्या जमिनीवर ही इमारत उभी आहे, तीच कधीकाळी समुद्र होती.

त्यात वाईट काही नाही. मरीन ड्राइव्हच्या इमारती, विधानभवन, एअर इंडियाची इमारत, एनसीपीए, कफ परेडचे टॉवर हे सगळं भरावाच्या जमिनीवर उभं आहे आणि पक्कं उभं आहे. पण साध्या जमिनीवरचा फ्लॅट घेताना जे प्रश्न पडत नाहीत, ते इथे पडले पाहिजेत. या जमिनीचा मालक कोण? इथे बांधायची कायद्याने परवानगी आहे का? आणि इमारतीचा पाया नेमका कशावर टेकलाय?

या तीन प्रश्नांची उत्तरं न घेता पैसे भरलेल्या लोकांचं पुढे काय झालं, याची उदाहरणं मुंबईत आहेत, कोचीत आहेत आणि सॅन फ्रान्सिस्कोतही आहेत. पण आधी ही जमीन आली कुठून ते बघू.

समुद्राची जमीन कशी झाली?

मुंबई सात बेटांची होती हे शाळेत शिकवलेलं असतं. बेटांमधल्या खाड्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बुजवल्या गेल्या. पण आज ज्याला आपण सी-फेसिंग मुंबई म्हणतो, त्यातला मोठा भाग आला तो बॅकबे रिक्लेमेशनमधून. मलबार हिल आणि कुलाबा यांच्यामध्ये समुद्राचा जो अर्धगोल आहे, तो म्हणजे बॅकबे.

तिथे भराव टाकायचा पहिला मोठा प्रयत्न १८६०च्या दशकात झाला, आणि तो गाजला शेअर बाजारामुळे. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसाच पैसा झाला. त्या पैशातून कंपन्या निघाल्या, त्यात बॅकबे भरून काढणारी कंपनीही होती. जमीन अजून पाण्याखाली होती, पण शेअरचा भाव मूळ किमतीच्या कित्येक पट झाला. प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्याच्या काळातलं सगळ्यात मोठं नाव. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि त्याच्यासोबत कंपन्या आणि बँकाही बुडाल्या.

म्हणजे न झालेल्या जमिनीवर पैसे लावून हात पोळून घ्यायची मुंबईची सवय दीडशे वर्षं जुनी आहे.

दुसरा प्रयत्न सरकारने केला. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२०च्या सुमारास, कुलाब्यापासून मरीन लाइन्सपर्यंत ११४५ एकर जमीन समुद्रातून काढायची योजना सुरू झाली. आठ ब्लॉक पाडले गेले. दगडी भिंत घालायची, आत ड्रेजरने उपसलेला गाळ ओतायचा, तो बसला की जमीन तयार, असा हिशोब होता. पण अंदाजाइतका गाळ निघेना, आणि निघालेला गाळ भिंतीच्या फटींतून परत समुद्रात जाऊ लागला. खर्च मात्र वाढत गेला. लोक या योजनेला ‘लॉईडचा मूर्खपणा’ म्हणायला लागले.

या कारभारावर खुर्शेद फ्रामजी नरिमन या वकिलाने जाहीरपणे बोट ठेवलं. योजनेवरच्या एका इंजिनिअरने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यात नरिमन सुटले. पुढे याच बॅकबेच्या जमिनीवर जो भाग उभा राहिला, त्याला त्यांचं नाव मिळालं, नरिमन पॉइंट. ज्या माणसाने भरावातला घोळ बाहेर काढला, त्याचंच नाव भरावाच्या जमिनीला!

११४५ पैकी तेव्हा झाली साधारण ४४० एकर. कुलाब्याकडचा मोठा तुकडा लष्कराला गेला. मरीन ड्राइव्हच्या पट्टीवर १९३०-४०च्या दशकात आर्ट डेको पद्धतीच्या इमारती झाल्या, ज्यांना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. मधले ब्लॉक स्वातंत्र्यानंतर, मुख्यतः साठ-सत्तरच्या दशकात भरले गेले. त्यातून नरिमन पॉइंट आणि कफ परेडचे टॉवर उभे राहिले.

हा इतिहास सांगायचं कारण एकच. ही जमीन कुणाच्या वाडवडिलांची शेती नव्हती. ती सरकारने केली. त्यामुळे पहिला प्रश्न येतो तो मालकीचा.

पहिला प्रश्न : जमीन कुणाची?

आपण ‘ओनरशिप फ्लॅट’ म्हणतो तेव्हा आपल्या डोक्यात असतं की फ्लॅट माझा आणि जमीन सोसायटीची. बॅकबेच्या जमिनीवर बऱ्याचदा तसं नसतं. सरकारने इथले भूखंड सरसकट विकून टाकले नाहीत, तर भाडेपट्ट्याने म्हणजे लीजवर दिले. जमिनीचा मालक राज्य सरकार, आणि सरकारतर्फे कारभार बघणार मुंबई शहराचे जिल्हाधिकारी. पूर्व किनाऱ्यावर हाच प्रकार पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर आहे. बॅलार्ड इस्टेटही भरावाचीच जमीन. तिथे भाडेवाढीवरून पोर्ट ट्रस्ट आणि भाडेकरूंचं भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. नवी मुंबईत सिडकोचे भूखंडही पट्ट्यानेच दिलेले आहेत.

लीजचा खरेदीदाराला काय फरक पडतो? तीन ठिकाणी पडतो.

एक, मुदत. समजा, १९७५ साली ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिलेल्या जमिनीवर इमारत आहे. पट्टा संपणार २०७४ मध्ये. २०२५ मध्ये तुम्ही फ्लॅट घेतला तर हातात ४९ वर्षं. तुमच्या २० वर्षांच्या कर्जाला अडचण नाही. पण २०५० मध्ये तुमची मुलं तो विकायला काढतील तेव्हा उरलेली असतील २४ वर्षं. त्या वेळी घेणारा आणि त्याची बँक दोघेही हा आकडा बघणार. पट्ट्याचं नूतनीकरण होतं, पण ते जुन्या भाड्यात होत नाही, तेव्हाच्या जमिनीच्या दराशी जोडलेलं भाडं मागितलं जातं.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या टोकाला हडसन नदीत भराव टाकून ९२ एकरांची बॅटरी पार्क सिटी केली गेली. त्या भरावात वर्ल्ड ट्रेड सेंटरचा पाया खोदताना निघालेली माती आणि दगड आहेत. तिथे काँडो घेणारा माणूस घराचा मालक असतो, पण जमीन सार्वजनिक प्राधिकरणाकडे असते. मूळ पट्ट्याची मुदत २०६९ पर्यंतची. रहिवाशांना मेंटेनन्ससोबत जमिनीचं भाडंही भरावं लागतं. घराची किंमत आजूबाजूपेक्षा कमी दिसते आणि महिन्याचा खर्च जास्त निघतो, तो यामुळे.

दोन, हस्तांतरण. लीजच्या जमिनीवरचा फ्लॅट विकताना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि अधिमूल्य, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, हा मोठा वादाचा विषय आहे. कफ परेडमधल्या एका इमारतीत असंच अधिमूल्य मागितलं गेलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये निकाल रहिवाशांच्या बाजूने लागला. कारण असं, की ती जमीन सरकारने सोसायटीला दिलेलीच नव्हती. ती बिल्डरला पट्ट्याने दिली होती, त्याने फ्लॅट विकले आणि सोसायटी नंतर झाली. सोसायट्यांना दिलेल्या जमिनींसाठीचे सरकारी ठराव अशा इमारतीला लावता येत नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं.

यातून खरेदीदाराने घ्यायचा धडा असा. शेजारच्या इमारतीत काय चालतं ते तुमच्या इमारतीला लागू होईलच असं नाही. जमीन मुळात कुणाला आणि कोणत्या अटींवर दिली होती, यावर सगळं ठरतं. म्हणून मूळ पट्ट्याचा करार वाचायलाच हवा.

तीन, पुनर्विकास. जुनी इमारत पाडून नवी बांधायची तर जमीनमालक म्हणून सरकारची मंजुरी लागते, आणि त्याचे पैसेही. पट्ट्याच्या आणि वर्ग-२ च्या जमिनी वर्ग-१ मध्ये, म्हणजे पूर्ण मालकीत बदलून घेण्यासाठी राज्य सरकारने २०१९ मध्ये नियम केले. त्यासाठीही अधिमूल्य भरावं लागतं. “आपली सोसायटी फ्रीहोल्ड होणारच आहे,” असं विक्रेता म्हणाला, तर अर्ज केल्याची पावती मागा. ‘होणार आहे’ या शब्दांवर दर ठरवू नका.

दुसरा प्रश्न : रेषेच्या अलीकडे की पलीकडे?

१९ फेब्रुवारी १९९१. किनाऱ्यावर घर घेणाऱ्याने ही तारीख लक्षात ठेवावी. त्या दिवशी केंद्र सरकारने किनारपट्टी नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची पहिली अधिसूचना काढली. भरतीच्या रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात काय बांधता येईल यावर बंधनं आली. घरं बांधण्यासाठी समुद्रात भराव टाकणं बंद झालं.

मुंबईसारखा आधीच बांधून झालेला शहरी किनारा सीआरझेड-२ मध्ये येतो. तिथे बांधकामाला सरसकट बंदी नाही. पण नियम असा की समुद्रालगतचा जो रस्ता किंवा अधिकृत इमारतींची रांग आधीपासून आहे, तिच्या जमिनीकडच्या बाजूलाच बांधायचं, समुद्राकडच्या बाजूला नाही. एफएसआयही बराच काळ १९९१च्या पातळीवर गोठवलेला होता. २०११ मध्ये नवी अधिसूचना आली, त्यानंतर १८ जानेवारी २०१९ ला आणखी एक. २०१९च्या अधिसूचनेने एफएसआयवरची ही जुनी गाठ सोडवली, म्हणून किनाऱ्यालगतच्या अनेक जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली. पण रस्त्याच्या अलीकडे-पलीकडेचा मुद्दा कायम आहे.

ही रेषा कागदावर पातळ दिसते. ती ओलांडली तर काय होतं याची दोन उदाहरणं बघू.

पहिलं मुंबईतलंच, आदर्श सोसायटी. कुलाब्यात बॅकबे रिक्लेमेशनच्या सहाव्या ब्लॉकमधल्या जमिनीवर ३१ मजली इमारत झाली. २०१० मध्ये घोटाळा बाहेर आला आणि नोव्हेंबरमध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं पद गेलं. आपल्याला आठवतं ते राजकारण आणि कारगिलच्या शहिदांची चर्चा. पण इमारतीच्या मुळावर आला तो सीआरझेडचा मुद्दा. जानेवारी २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ती पाडायचा आदेश दिला, कारण किनारपट्टी नियमांखालची मंजुरी घेतलेली नव्हती. एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही पाडायचा आदेश दिला. जुलै २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडकाम थांबवलं आणि इमारत ताब्यात घ्यायला सांगितलं. म्हणजे इमारत वाचली, पण ज्यांनी पैसे भरले होते त्यांच्या हाती घर आलं नाही.

दुसरं उदाहरण केरळमधलं. कोचीजवळ मरडू इथे बॅकवॉटरच्या काठावर उंच इमारती होत्या. ही भरावाची गोष्ट नाही, पण पाण्याकाठी घर घेणाऱ्या प्रत्येकाने ती माहीत करून घ्यावी. स्थानिक संस्थेने बांधकाम परवानगी दिली होती. लोकांनी कर्जं काढून घरं घेतली, राहायला आले. ८ मे २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या इमारती सीआरझेड नियम मोडून बांधल्या आहेत, पाडून टाका. ११ आणि १२ जानेवारी २०२० ला चार संकुलं स्फोटकं लावून पाडली गेली. टीव्हीवर सगळ्या देशाने ते थेट बघितलं. तीनशेहून जास्त फ्लॅट काही सेकंदांत गेले. न्यायालयाने प्रत्येक फ्लॅटमालकाला अंतरिम भरपाई म्हणून २५ लाख रुपये द्यायला सांगितले. बाकीच्या पैशांसाठी त्यांना बिल्डरच्या मागे लागावं लागलं.

इथे कळीची गोष्ट ही, की त्या लोकांकडे कागद नव्हते असं नाही. कागद होते. पण स्थानिक परवानगी आणि सीआरझेडची मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणजे दुसरी आपोआप मिळत नाही. “पालिकेने पास केलंय” आणि “बँकेने कर्ज दिलंय” या दोन वाक्यांवर किनाऱ्यावरचं घर घेऊ नये, ते यासाठी.

याच संदर्भात कोस्टल रोडचाही विषय काढायला हवा. या रस्त्यासाठी मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर सुमारे १११ हेक्टर भराव टाकला गेला. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने मंजुरी रद्द केली, डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम सुरू करायला परवानगी दिली, आणि मार्च २०२४ मध्ये पहिला टप्पा खुला झाला. पण पर्यावरण मंजुरीतच अट आहे की भरावाची ही जमीन निवासी किंवा व्यावसायिक बांधकामासाठी वापरायची नाही. त्यामुळे “कोस्टल रोडच्या नव्या जमिनीवर प्रोजेक्ट येतोय, आत्ताच बुक करा,” असा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका आणि टोकन तर अजिबात देऊ नका.

तिसरा प्रश्न : पाया कशावर टेकलाय?

भरावाची जमीन बनते कशी? आधी समुद्रात मोठ्या दगडांचा बांध घालतात. आत मुरूम, वाळू, खडी किंवा उपसलेला गाळ भरतात. वरून जमीन कोरडी दिसते, पण खाली समुद्राचा जुना मऊ चिखल तसाच असतो. स्पंजवर वीट ठेवली की पाणी हळूहळू बाहेर येतं आणि स्पंज दबतो, तसा हा चिखल वरच्या वजनाने दबत जातो. फरक एवढाच की चिखलातून पाणी निघायला वर्षं लागतात, कधी दशकं. आता या दबण्याला वेग देणाऱ्या पद्धती आहेत. चिखलात उभ्या प्लास्टिकच्या पट्ट्या खुपसून पाण्याला वाट करून देतात, वर मातीचा ढीग ठेवून आधीच दाब देतात. तरी तत्त्व तेच, भराव बसायला वेळ लागतो.

म्हणून अशा जमिनीवर उंच इमारत मातीवर उभी करत नाहीत. भराव आणि चिखल ओलांडून खाली खडकात पाइल घुसवतात आणि इमारत त्या पाइलवर उभी राहते. मुंबईचं नशीब चांगलं, खाली खडक आहे. पण तो सगळीकडे सारख्या खोलीवर नाही. एकाच प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खडकाची खोली वेगळी निघू शकते. त्यामुळे बोअर घेऊन केलेली माती परीक्षा हा इथला सगळ्यात महत्त्वाचा कागद.

पाइल खडकापर्यंत नेले नाहीत तर? सॅन फ्रान्सिस्कोचा मिलेनियम टॉवर बघा. ५८ मजली, आलिशान काँडोंची ही इमारत २००९ मध्ये खुली झाली. ती आहे खाडीच्या जुन्या किनाऱ्यालगत, जिथे वर भराव आणि खाली मऊ माती आहे. खडक दोनशे फुटांहून खोल, आणि पाइल त्याच्या बरेच वर, वाळूच्या थरात थांबवलेले. २०१६ मध्ये रहिवाशांना कळलं की इमारत १६ इंच खचलीय आणि कललीय. पुढच्या वर्षांत वरच्या टोकाचा कल दोन फुटांच्या पुढे गेला. कोट्यवधी डॉलरचे फ्लॅट, पण विकत घ्यायला कोणी तयार होईना. खटले झाले, तडजोड झाली. शेवटी इमारतीच्या दोन बाजूंना खडकापर्यंत जाणारे १८ नवे पाइल घालून २०२३ मध्ये दुरुस्ती पूर्ण केली गेली. खर्च १० कोटी डॉलरच्या घरात.

आता यातली सालं परत बघा. इमारत २००९ची, रहिवाशांना कळलं २०१६ मध्ये. सात वर्षं. आपल्याकडे रेरा कायद्यानुसार बांधकामातला दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायची मुदत आहे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं. खचण्याचा दोष या मुदतीनंतर लक्षात येऊ शकतो. म्हणून भरावाच्या जमिनीवरच्या सोसायटीने पहिल्या दिवसापासून पातळी मोजत राहावं. इमारतीवर ठरावीक खुणा करून सर्व्हेअरकडून दर वर्षी मोजणी करून घेतली तर खर्च फार येत नाही, आणि पाच वर्षांच्या आत काही निघालं तर हातात पुरावा असतो.

मुंबईत चांगल्या पाइलवर उभी असलेली इमारत सहसा खचत नाही. खचते ती तिच्या आजूबाजूची जमीन. गेटपाशी पायरी तयार होते, आवारातल्या फरशा खाली जातात, इमारतीतून बाहेर पडणारा ड्रेनेजचा पाइप जोडापाशी तुटतो. फ्लॅट बघायला जाल तेव्हा वर चढण्याआधी आवारात एक चक्कर मारा. इमारतीच्या कडेने जमीन आणि भिंत यांच्यात फट दिसते का, उतार उलटा झालाय का, ते बघा.

आणि पाणी आहेच

खारी हवा हा रोजचा खर्च आहे. क्षार काँक्रीटमध्ये शिरतात, आतलं लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं आणि बाहेरचं काँक्रीट सोडवतं. बाल्कनीच्या खालून खपल्या पडतात त्या यामुळे. भारतीय मानकात किनाऱ्यावरच्या बांधकामासाठी किमान एम-३० दर्जाचं काँक्रीट आणि लोखंडावर किमान ४५ मिलिमीटरचं आवरण सांगितलंय. समुद्राचे शिंतोडे थेट लागत असतील तर याहून जास्त. खिडक्यांची फ्रेम, एसीचे बाहेरचे युनिट, लिफ्टचे भाग इथे लवकर जातात. त्यामुळे समुद्रासमोरच्या सोसायटीचा मेंटेनन्स जास्त असणारच. तो संशयास्पद रीतीने कमी असेल तर दुरुस्तीचा निधी साठतोय का ते विचारा.

बेसमेंट पार्किंग हा वेगळा विषय. भरावाच्या जमिनीत थोडं खाली गेलं की भरतीचं पाणी. ते भिंतीतून झिरपतं आणि तळातून वर ढकलतं. पंप अखंड चालावे लागतात. त्यात पावसाळ्यात मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की शहराचं पाणी समुद्रात जाऊच शकत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये चर्चगेट, मंत्रालय हा सगळा परिसर पाण्याखाली गेलेला लोकांनी बघितला. तिथे सहसा पाणी साचत नाही असंच तोवर सगळे समजत होते. इमारतीचे वीज मीटर, जनरेटर आणि पाण्याचे पंप बेसमेंटमध्ये आहेत की वर, हा प्रश्न म्हणूनच साधा नाही. ते बुडाले तर विसाव्या मजल्यावरचा माणूसही अंधारात आणि पाण्याविना बसतो.

टोकन देण्याआधी हे कागद मागा

१. मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. जमिनीचा मालक आणि धारणा प्रकार त्यावर कळतो. सगळ्यात आधी हे.

२. मूळ भाडेपट्ट्याचा करार. मुदत, भाडं, हस्तांतरणाच्या अटी आणि वापर बदलायची अट, एवढं तरी वकिलाकडून वाचून घ्या.

३. सीआरझेड नकाशा आणि मंजुरी. मुंबईचा किनारपट्टी व्यवस्थापन आराखडा सार्वजनिक आहे, त्यावर प्लॉट शोधा. मंजुरीचं पत्र असेल तर त्यातल्या अटीही वाचा, नुसता जावक क्रमांक नको.

४. माती परीक्षेचा अहवाल आणि पाइलची खोली. नवीन प्रकल्पात बिल्डरला विचारा की पाइल खडकात किती गेलेत. उत्तर द्यायला तो टाळाटाळ करत असेल तर तेही एक उत्तरच आहे.

५. जुनी इमारत असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना ते कायद्याने करावंच लागतं. अहवालात ‘मोठी दुरुस्ती’ लिहिली असेल तर तुमच्या वाट्याला किती येणार ते सोसायटीकडून लेखी घ्या.

६. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. आणि नवीन प्रकल्प असेल तर महारेराच्या संकेतस्थळावरची माहिती. बिल्डरने जमिनीच्या हक्काबद्दल तिथे काय लिहिलंय ते तपासा.

रेरा कायद्यात खरेदीदाराच्या बाजूची एक तरतूद फार कमी लोकांना माहीत असते. जमिनीच्या मालकी हक्कातच दोष निघाला आणि त्यामुळे तुमचं नुकसान झालं, तर बिल्डरकडे भरपाई मागायला मुदतीचं बंधन नाही. पाच वर्षांची मर्यादा बांधकामातल्या दोषांना आहे, हक्कातल्या दोषाला नाही. म्हणून जाहिरात, ब्रोशर, मेसेज, नकाशे, सगळं जपून ठेवा. चुकीची माहिती देऊन फ्लॅट विकला हे सिद्ध करायला तेच कामी येतं.

समुद्रासमोर घर असावं असं वाटण्यात गैर काही नाही. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसलेल्या प्रत्येकाने मागे वळून त्या इमारतींकडे एकदा तरी बघितलेलं असतं. त्या इमारती नव्वद वर्षं टिकल्या, कारण बांधणाऱ्यांनी काम नीट केलं आणि राहणाऱ्यांनी त्या सांभाळल्या. तुम्ही घेणार आहात त्या इमारतीबद्दल हे दोन्ही तपासायला आठवडाभर जास्त लागला तर लागू द्या. घाई आहे असं एजंट म्हणेल. त्याला सांगा, आधी प्रॉपर्टी कार्ड पाठव.